शेरा कोणासाठी?

आपल्याकडे ‘शेरा’ या शब्दाला फार वजन आहे. तलाठ्याचा शेरा, मामलेदाराचा शेरा, परीक्षकाचा शेरा. ज्याच्याविषयी शेरा लिहिला जातो त्याचे भवितव्य त्या दोन ओळींत ठरते, आणि म्हणून तो काय आहे हे कळेपर्यंत माणसाला चैन पडत नाही. पण एक शेरा असा आहे की तो ज्यांच्या जिवासाठी लिहिला जातो त्यांनाच सहसा वाचायला मिळत नाही. कारखान्यात सरकारी निरीक्षक येतो, यंत्रे पाहतो, हजेरीपट चाळतो, मालकाशी बोलतो, क्वचित कामगारांशीही बोलतो, आणि अहवाल लिहून निघून जातो. हा अहवाल कोणाच्या मालकीचा? सरकारच्या? कारखानदाराच्या? की ज्याचा हात त्या यंत्राखाली आहे त्याच्या? मला या लेखात एवढाच प्रश्न विचारायचा आहे. आणि माझे उत्तर काय तेही आडपडदा न ठेवता सांगायचे आहे.

हडपसरात राहणाऱ्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. सकाळी साडेसहाला गाडीतळावर उभे राहावे. सोलापूर रस्त्याने येणाऱ्या बसमधून, टेम्पोतून, सहा आसनी रिक्षांतून जी माणसे उतरतात त्यांतली पुष्कळशी कंत्राटी कामगार असतात. त्यांच्या खिशातल्या ओळखपत्रावर कारखान्याचे नव्हे, ठेकेदाराचे नाव असते. इकडे इंडस्ट्रियल इस्टेट, तिकडे मगरपट्टा, पलीकडे फुरसुंगीचे संगणकवाले. एकेकाळची उसाची आणि भाजीपाल्याची ही शिवारे. २१ जानेवारी २०२१ रोजी शेजारच्या मांजरीत सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारातील बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली आणि पाच कामगार मेले. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यात उरवडे येथील रसायनाच्या कारखान्यात सतरा कामगार जळून गेले. त्यांत बहुसंख्य बायका होत्या. दोन्ही वेळी चौकशीचे आदेश निघाले. आपल्याकडे ‘चौकशीचे आदेश’ हे शब्द वर्तमानपत्रात आले की वाचणाऱ्याला हायसे वाटते आणि तो पान उलटतो. चौकशीत पुढे काय लिहिले, हे विचारायला मागे राहतात ते फक्त मेलेल्यांचे नातेवाईक.

मे २०१६ मध्ये डोंबिवलीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा माणसे दगावली, अर्धे शहर हादरले. सरकारने समिती नेमली, समितीने अहवाल दिला. तो अहवाल सरकारने आपण होऊन लोकांपुढे ठेवला नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करून तो काढून घ्यावा लागला. मे २०२४ मध्ये त्याच डोंबिवलीत दुसऱ्या एका कारखान्यात तसाच स्फोट झाला आणि पुन्हा माणसे मेली. पहिला अहवाल वेळेवर चव्हाट्यावर आला असता तर दुसरा स्फोट टळला असता, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही. पण त्या कारखान्यांच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या माणसाला तो अहवाल वाचण्याचा हक्क होता, एवढे म्हणायला पुराव्याची गरज नाही.

आणि हे फक्त धुराड्याच्या कारखान्यांचे नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंग या जगप्रसिद्ध कंपनीत नोकरीला लागलेली सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल मुलगी वारली. कामाच्या ओझ्याने ती खचली होती, असे तिच्या आईने पत्रात लिहिले. ते पत्र सप्टेंबरात देशभर गाजले. मग आपल्या कामगार खात्याचे अधिकारी त्या कंपनीच्या कार्यालयात गेले. २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, असे त्यांना आढळले. हे आपल्याला कसे कळले? अधिकाऱ्याने बातमीदाराला सांगितले म्हणून. देशभर गाजलेले प्रकरण होते म्हणून. ज्याच्या आईला इंग्रजीत पत्र लिहिता येत नाही, त्याच्या प्रकरणात अधिकाऱ्याने काय पाहिले हे कोण कोणाला सांगणार?

इथे मला घरचे थोडे सांगणे भाग आहे. माझी मावशी एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होती, अर्थात ठेकेदारामार्फत. दोन वर्षांपूर्वी यंत्रात तिच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. यंत्राला जाळी नव्हती, असे ती सांगते. जाळी होती पण हिने काढून ठेवली, असे ठेकेदार सांगतो. तक्रार झाली, निरीक्षक आले, पाहून गेले. जाळी होती की नव्हती हे त्यांनी लिहिलेच असेल! भरपाईचा सगळा दावा त्या एका वाक्यावर उभा आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तेव्हा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय, दीडशे शब्दांची मर्यादा आणि दहा रुपयांचे तिकीट. माझे शब्द शंभरही झाले नाहीत. तीस दिवसांनी उत्तर आले : चौकशी चालू असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये, आणि त्रयस्थ पक्षाने म्हणजे कारखान्याने हरकत घेतल्याने कलम ८(१)(घ) अन्वये माहिती देता येत नाही. पहिल्या अपिलात त्यात तिसरे कलम जोडले गेले, ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती. कोणाची वैयक्तिक माहिती, हे लिहिले नव्हते. बोटे तर मावशीची होती.

दुसरे अपील दाखल आहे. त्याची रड इथे नको. पण त्या तीन कलमांच्या निमित्ताने मी ग्रंथालयात बसून जे वाचले ते आपल्यापैकी पुष्कळांच्या उपयोगी पडेल, म्हणून मांडते.

पहिले कारण ‘चौकशी चालू आहे’. हे फार सोयीचे कारण आहे, कारण आपल्याकडे चौकशी चालूच असते. पण कायद्याचे शब्द नीट वाचावेत. चौकशी चालू असली की माहिती नाकारा, असे कलम म्हणत नाही. माहिती दिल्याने चौकशीत अडथळा येणार असेल तर नाकारा, असे म्हणते. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भगतसिंग नावाच्या गृहस्थांनी प्राप्तिकर खात्याकडे केलेल्या तक्रारीचे काय झाले, असे विचारले होते; त्यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी डिसेंबर २००७ मध्ये हे अंतर स्वच्छ दाखवून दिले. चौकशी चालू आहे एवढे पुरत नाही. अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने सकारण सांगितले पाहिजे. आता मला सांगा, निरीक्षकाने यंत्र पाहिले, जाळी आहे की नाही ते लिहिले, कागद फाईलला लागला. तो कागद मावशीने वाचल्याने जाळी उगवणार आहे की नाहीशी होणार आहे?

दुसरे कारण कारखान्याची हरकत. व्यापारी गुपित! औषधाची कृती, रंगाचे मिश्रण, नव्या यंत्राचा आराखडा ही गुपिते आहेत, ती राखली पाहिजेत, हे मलाही मान्य आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही कलम ११८ होते. निरीक्षकाने उत्पादनाची प्रक्रिया वा धंद्याची माहिती बाहेर फोडली तर त्याला शिक्षा होती. ते कलम धंद्याचे रक्षण करण्यासाठी होते. पण दार बंद होते, पंखा नव्हता, जादा तासांचा पगार दिला नव्हता, हे कोणत्या धंद्याचे गुपित? भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये त्याच अधिनियमात दुरुस्ती होऊन कामगाराला आपल्या आरोग्याविषयी आणि सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा हक्क दिला गेला. इतकी माणसे मेल्यावर मिळालेला हक्क आहे तो. त्यावर ‘त्रयस्थ पक्षाची हरकत’ असा शिक्का मारताना हात थोडा कचरायला हवा होता. शिवाय कायदा त्रयस्थाला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क देतो. नकाराधिकार देत नाही. म्हणणे ऐकून घेऊन निर्णय अधिकाऱ्यानेच करायचा असतो. आणि दुसरा कायदा आड येत असेल तर माहितीच्या अधिकाराचा कायदा श्रेष्ठ, असे त्याच्या कलम २२ मध्येच लिहिलेले आहे.

बँकांच्या बाबतीत नेमका हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. रिझर्व्ह बँक बँकांची तपासणी करते. त्या तपासणीचे अहवाल लोकांनी मागितले. रिझर्व्ह बँक म्हणाली, बँकांनी आम्हाला विश्वासाने सांगितले आहे, ते उघड कसे करू? डिसेंबर २०१५ मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात न्यायालयाने सांगितले की तपासणी करणाऱ्याने विश्वास राखायचा तो जनतेचा. ज्याची तपासणी करायची त्याचा नव्हे. हा न्याय बँकेला लागतो, तर कारखान्याला का लागू नये? ठेवीदाराचा पैसा जितका मोलाचा, तितकी कामगाराची बोटे मोलाची नाहीत काय? कायद्याच्या कलम २(च) मध्ये तर आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्या वर्गात बहुतेकांना माहीत नव्हती : खासगी संस्थेची जी माहिती सरकारी अधिकाऱ्याला दुसऱ्या कायद्याखाली मागवता येते, तीही ‘माहिती’च. म्हणजे ठेकेदाराचा हजेरीपट आणि पगारपत्रकसुद्धा!

आता तिसरे कारण, वैयक्तिक माहिती. खरी गोम इथे आहे, आणि तिचे मूळ आपल्या महाराष्ट्रातच सापडते. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात एक अंमलबजावणी अधिकारी होते. मालक कामगारांच्या पगारातून कापलेला फंड भरतो की नाही हे तपासणे, हे अशा अधिकाऱ्याचे काम. म्हणजे कामगारांच्या म्हातारपणाच्या भाकरीवरचा राखणदारच. २००८ मध्ये गिरीश देशपांडे यांनी या अधिकाऱ्याविषयी माहिती मागितली : त्यांना कोणते मेमो मिळाले, कारणे दाखवा नोटिसा किती, शिक्षा काय झाल्या, मालमत्ता किती, मुलाच्या लग्नात भेटी काय आल्या. नकार, अपील, पुन्हा नकार, मुंबई उच्च न्यायालय, आणि अखेर ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालय. न्यायालयाने सांगितले, कर्मचाऱ्याची कामगिरी ही तो आणि त्याचा मालक यांच्यामधली बाब आहे, ती वैयक्तिक माहिती होय. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाही.

न्यायालयाचा मान राखून मला इथे असहमती नोंदवायची आहे. मुलाच्या लग्नात कोणी काय दिले हे विचारणे मलाही रुचत नाही. लग्नघर ते लग्नघर. (जरी आहेर कोणी केला यात पुष्कळदा सगळे रहस्य असते, हे आपल्या गावाकडच्या कोणत्याही म्हातारीला ठाऊक आहे.) पण कामात कसूर केली म्हणून मिळालेला मेमो खासगी कसा? आणि ‘कर्मचारी आणि त्याचा मालक’ असे म्हटले, तर सरकारी नोकराचा मालक कोण? कायद्याच्या त्याच कलमाला तेव्हा एक परंतुक होते : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. केवढे थोर वाक्य! आमदाराला जे कळू शकते ते मावशीलाही कळले पाहिजे. निकालपत्रात या वाक्याचा ऊहापोह मला आढळला नाही. पण त्या निकालाचा दाखला देऊन पुढे कचेऱ्याकचेऱ्यांतून जे नकार निघाले त्यांना सुमार नाही.

आणि आता तर ते वाक्यच राहिले नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या या कलमात दुरुस्ती केली. नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. पूर्वीच्या कलमात पुष्कळ अटी होत्या : सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तर, खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल तर, जनहित मोठे नसेल तर. आता त्या अटीही गेल्या आणि ते परंतुकही गेले. वैयक्तिक माहिती, की नकार, इतके सुटसुटीत. सरकार म्हणते, कलम ८(२) तर शाबूत आहे, जनहित मोठे असेल तर अधिकारी आजही माहिती देऊ शकतो. खरे आहे. पण ‘देऊ शकतो’ आणि ‘नाकारता येणार नाही’ या दोन वाक्यांत सारी लोकशाही मावते. शिवाय कोणताही तपासणी अहवाल घ्या. त्यात निरीक्षकाचे नाव आहे, व्यवस्थापकाचे आहे, जखमीचे आहे. नाव आले की वैयक्तिक माहिती आली. त्यावर उपाय कलम १० मध्ये पूर्वीपासून आहे : जे द्यायचे नाही ते झाका आणि बाकीचे द्या. काळ्या शाईची एक बाटली पुरे आहे. इच्छा मात्र बाटलीत मिळत नाही.

हे सारे लिहिताना दुसरी बाजूही माझ्या डोळ्यांपुढे आहे, आणि ती कामगारांचीच बाजू आहे. मावशीच्या शेजारी काम करणाऱ्या बाईने निरीक्षकाला खरे सांगितले असेल, आणि तिचे नाव अहवालात असेल, तर अहवाल बाहेर येताच तिचे काम जाईल. ठेकेदाराला नोटीस द्यावी लागत नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढे तो म्हणतो. तेव्हा तक्रारदाराचे आणि साक्षीदाराचे नाव राखलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. कामगार तपासणीविषयीच्या १९४७ च्या आंतरराष्ट्रीय कराराला (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ क्रमांकाचा) भारताने १९४९ मध्ये मान्यता दिली. त्यातही तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवावे असे बंधन आहे. पण त्याच करारात, तपासण्या किती झाल्या, उल्लंघने किती सापडली, शिक्षा किती झाल्या, अपघात किती, याचा वार्षिक अहवाल छापून प्रसिद्ध करावा, असेही बंधन आहे. गुप्तता तक्रार करणाऱ्या दुबळ्यासाठी आणि उघडपणा उल्लंघन करणाऱ्या बलवानासाठी, अशी त्या कराराची वाटणी आहे. आपण ती उलटी केली. अमेरिकेत कामगार सुरक्षेचे खाते आपल्या तपासण्यांची माहिती कारखान्याच्या नावासह संगणकावर सर्वांसाठी ठेवते. तेथील उद्योग त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही.

माहिती मागणारे धंदेवाईक झाले आहेत, खंडणी मागतात, असेही म्हटले जाते. काही असतीलही. पण २०१० मध्ये याच जिल्ह्यात तळेगावात सतीश शेट्टी यांचा खून झाला, ते खंडणी मागत होते म्हणून नव्हे. माहिती मागणे हा उद्योग आपल्याकडे मागणाऱ्याला महाग पडतो, हाच अनुभव जुना आहे.

आपल्या इतिहासाच्या सरांनी एकदा सहज सांगितलेली गोष्ट मला या संदर्भात फार लागली. १८८४ मध्ये मुंबईत फॅक्टरी कमिशन बसले तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन पाच हजारांवर सह्यांचा अर्ज केला. आठवड्याची सुट्टी मागितली, दुपारची विश्रांती मागितली, आणि काम करताना जायबंदी झालेल्याला भरपाई मागितली. त्या कमिशनचा अहवाल साक्षींसह छापला गेला. १९२९ मध्ये व्हिटले कमिशन आले. त्याच्यापुढच्या साक्षींचे खंडच्या खंड निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली. तिने उद्योगवार अहवाल प्रसिद्ध केले. कोणत्या धंद्यात किती तास काम, किती मजुरी, राहायला कशी जागा, हे आज आपण त्यांतून वाचू शकतो. म्हणजे परक्या राजवटीत गिरणी कामगार काय बोलला हे छापून विकत मिळत होते. आणि स्वराज्यात मावशीच्या यंत्राला जाळी होती का, हे मात्र त्रयस्थ पक्षाला विचारावे लागते.

माहितीचा अधिकार मुळात आला तोच मजुरांच्या हजेरीपटातून, हे तरी विसरू नये. राजस्थानात दुष्काळी कामांवर मजुरी कमी मिळते म्हणून मजूर किसान शक्ती संघटनेच्या माणसांनी १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या आणि हजेरीपट जाहीर वाचून दाखवले. मेलेल्यांची नावे, गाव सोडून गेलेल्यांची नावे पटावर हजर होती! तो कागद गावापुढे वाचला गेला नसता तर ती माणसे सरकारदरबारी आजही खडी फोडत असती. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा २००२ चा, आणि देशाचा २००५ चा. कागद प्रथम मजुराने मागितला. वकील, पत्रकार आणि आम्ही विद्यार्थी मागाहून आलो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. निरीक्षकाचे नाव आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ असे झाले आहे. सुविधा कोणाची, हे नावात सांगितलेले नाही. नवी व्यवस्था संगणकावर चालायची आहे. कोणत्या कारखान्यात कोणी जायचे हे संगणक ठरवणार. मग जो अहवाल संगणकावर लिहिला जाणार, तो नावे झाकून संगणकावरच सर्वांना दिसू देण्यात अडचण ती कोणती? टपालखर्चसुद्धा नाही. कलम ४ प्रमाणे न मागता जाहीर करायच्या माहितीत या अहवालांचा समावेश करावा, अशी माझी मागणी आहे. आणि जखमी कामगाराला, किंवा मेलेल्याच्या वारसाला, अपघाताचा अहवाल अर्जाशिवाय घरपोच मिळावा. प्रथम खबर अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य देण्याचा नियम पोलिसांना आहे. कामगार खात्याला तसा असायला काय हरकत आहे?

तोवर एक वाट मोकळी आहे. राज्य सरकारने २०१८ मध्ये असा निर्णय काढला की जिल्हास्तरावरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. आमच्या राज्यशास्त्राच्या वर्गातील सहाजणांनी येत्या सत्रात ओळीने सोमवार धरायचे ठरवले आहे. कोणते कारखाने तपासले, केव्हा, आणि पुढे खटला झाला की समज देऊन सोडले, एवढेच उतरवून आणायचे. वही घेतली आहे, रकाने आखले आहेत. सोमवारी तीनला तास नसलेल्या आणखी कोणाला यायचे असेल तर नाव माझ्याकडे किंवा विभागातील सरांकडे द्यावे. अक्षर वाचनीय असणे आवश्यक.